एसीच्या कामाचा ‘परवाना’ नेमका कुठे असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयटीआयमधून एमआरएसी (फ्रिज-एसी मेकॅनिकचा ट्रेड) केलेला आणि नाशिकमध्ये एका डीलरकडे सहा वर्षं बसवणी-सर्व्हिसिंग केलेला माणूस आता स्वतःच्या नावावर कामं घ्यायच्या विचारात आहे. स्प्लिट, कॅसेट, पुढेमागे डक्टिंग, हीटिंग आणि सोसायट्यांच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार. एक एजंट ‘एसी कॉन्ट्रॅक्टर लायसन्स’ काढून देतो म्हणतोय आणि त्याचे पंधरा हजार मागतोय. द्यावेत का, आणि नाही दिले तर ते लायसन्स सरळ कुठून मिळतं?

देऊ नका. त्या नावाचं लायसन्स महाराष्ट्रात नाही. नळजोडणीच्या कामाला महापालिका प्लंबरना परवाना देतात आणि वायरिंगला राज्य सरकार देतं, पण ‘वातानुकूलन ठेकेदार’ असा स्वतंत्र परवाना कुठलंच खातं देत नाही. एजंट पंधरा हजारांत जी फाइल हातात ठेवेल तिच्यात बहुधा उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्टची पावती आणि एखादं चकचकीत प्रमाणपत्र असेल. उद्यम नोंदणी तर फुकट होते, आधार आणि पॅन असलं की घरी बसून.

याचा अर्थ कसलीच परवानगी लागत नाही असाही नाही. कामाचे तुकडे पाडून बघा. वायर, गॅस, माणसं आणि बिल या चारही गोष्टींना आपापला कायदा आहे. त्यातला पहिला सगळ्यात कडक आहे आणि नेमका तोच बहुतेक एसीवाले विसरतात.

वीजसुरक्षेच्या नियमांत एक जुनं वाक्य आहे. 1956च्या नियमांत ते होतं, 2010मध्ये आलं आणि 2023च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांतही टिकलं. आशय असा: विजेच्या मांडणीचं कुठलंही काम, म्हणजे नवं, वाढीव, बदल किंवा दुरुस्ती, राज्याचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. सूट फक्त दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि 250 व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलण्यापुरती, तीही मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच.

आता हे वाक्य रोजच्या कामाला लावा. घरात एसीचा पॉइंट आधीच आहे, जुना दीड टनी काढून नवा दीड टनी लावायचा आहे: उपकरण बदललं, मांडणी तीच, सूट लागू. पण बेडरूममध्ये पॉइंटच नाही, डीबीतून (एमसीबींच्या पेटीतून) नवीन वायर ओढायची, नवा एमसीबी बसवायचा: हे विजेचं काम झालं. ‘एवढ्याशा वायरीला कोण विचारतं’ हे खरंच आहे, जळेपर्यंत कोणी विचारत नाही. जळाल्यावर मात्र विद्युत निरीक्षक येतो. वीज कायद्याच्या कलम 161खाली अपघाताची चौकशी होते आणि वायर कोणी ओढली, त्याच्याकडे काय कागद होता, हे त्यात लिहून घेतलं जातं. विमा कंपनीचा सर्व्हेअरही तेच विचारतो.

एक मध्यम काम घेऊन बघू. दातांचा दवाखाना, पाच स्प्लिट, प्रत्येकी दीड टन. पूर्ण भारावर एकेक यंत्र साधारण 1.7 किलोवॅट खातं, म्हणजे पाचांचे 8.5 किलोवॅट. सिंगल फेजवर 230 व्होल्टला तेच सुमारे 37 अँपिअर होतात. त्यात दोन खुर्च्यांचे कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि दिवे धरले की सिंगल फेज पुरत नाही. डॉक्टरांचा मंजूर भार 5 किलोवॅट. तुम्ही यंत्रं लावून, गॅस उघडून, थंड हवा दाखवून पैसे घेऊन गेलात. मे महिन्यात पाचही एकदम चालली, मीटरजवळची जोडणी तापली, एमसीबी पडायला लागला आणि फोन तुम्हाला आला. खरं तर कोटेशन देण्याआधीच भार वाढवून थ्री फेज घ्यायला सांगायला हवं होतं. त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. फेजवर यंत्रं 2-2-1 अशी वाटायची. प्रत्येक यंत्राला डीबीतून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र 20 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, आणि अर्थिंग मुख्य अर्थपट्टीपर्यंत खरंच पोचलंय का हे मोजून बघायचं. 2.5च्या वायरीवरही दीड टनी चालतो, पण अंतर 15-20 मीटर असेल आणि वायर इतर गरम वायरींसोबत एकाच पाइपात कोंबलेली असेल, तर 4चीच ओढा. वायरीत वाचलेले पैसे टर्मिनल ब्लॉक काळा पडल्यावर परत जातात.

तर हा विद्युत परवाना कसा मिळवायचा? राज्यात ते काम अनुज्ञापक मंडळाचं आहे आणि ते विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेला जोडलेलं आहे. पायऱ्या तीन. तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना म्हणजे स्वतःच्या हाताने वायरिंग करण्याची मुभा. पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र म्हणजे दुसऱ्याच्या कामावर देखरेख ठेवून सही करण्याची पात्रता. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा पदवी असलेल्याला ते अनुभवाच्या दाखल्यांवर मिळू शकतं, बाकीच्यांना परीक्षा. तिसरी पायरी ठेकेदाराच्या परवान्याची. तो माणसाच्या हुशारीला नसून आस्थापनेला असतो. अर्जात पूर्णवेळ पर्यवेक्षक दाखवावा लागतो, परवानाधारक तारतंत्री दाखवावे लागतात, आणि मोजमापाची साधनं स्वतःच्या मालकीची दाखवावी लागतात, उदाहरणार्थ मेगर (इन्सुलेशन मोजणारा), अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर. साधनांची बिलं आस्थापनेच्या नावावर घ्या. स्वतःच्या वैयक्तिक नावाच्या बिलावरून अर्ज अडकतो.

एमआरएसीवाल्याची अडचण अशी की त्याचा ट्रेड विजेच्या जवळचा असला तरी विजेचा नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड केलेल्याला हा रस्ता सरळ पडतो, तुम्हाला वळसा घालावा लागेल. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांसाठी सरळ मार्ग म्हणजे परवानाधारक विद्युत ठेकेदाराशी लेखी जोडी. एसीचं काम तुमचं, डीबीपासून आयसोलेटरपर्यंतची वायर त्याची, आणि त्याचं बिल वेगळं. ग्राहकाला दोन बिलं दिली तर तो कुरकुरतो. त्याला सांगा, टेस्ट रिपोर्टवर सही ज्याची, बिलही त्याचंच. पुढे धंदा वाढला की इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला भागीदार किंवा पगारी पर्यवेक्षक घेऊन आस्थापनेच्या नावावर परवाना काढा.

जोडीचा एक वाईट प्रकारही आहे, आणि तो इतका रुळलाय की कोणाला चूकच वाटत नाही: सही भाड्याने घेणं. काम तुमच्या मदतनीस पोराने केलं, टेस्ट रिपोर्टवर शिक्का कोण्या ठेकेदाराचा, त्याने जागा पाहिलेलीही नाही, इन्सुलेशन रेझिस्टन्सचे आकडे घरबसल्या भरलेले. चौकशीत तो पहिलं वाक्य बोलतो ते ‘माझ्या नकळत’ असंच. सही घ्यायची तर त्याला जागेवर आणा, मेगर लावायला लावा आणि रीडिंगचा फोटो फाइलमध्ये ठेवा.

विजेचं इतकं सांगून झालं. आता तुमच्या मूळ कामाचा कागद. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, दहावीनंतर, त्याचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र तुमच्याकडे आहेच. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर तिचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं, तेही शोधून काढा. निविदांत दोन्ही मागतात. मदतनीस म्हणून शिकत आलेली जी पोरं आहेत, ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही, त्यांच्यासाठी ‘आरपीएल’ आहे: आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन कौशल्य प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक्सच्या कौशल्य परिषदेचा ‘फील्ड टेक्निशियन – एअर कंडिशनर’ हा त्यातला ओळखीचा दर्जा. 2019च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण-प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं, बरीच शिबिरं त्याच प्रवाहातून निघालेली. काही शिबिरं खरोखर चांगली असतात, काही नुसती हजेरी आणि टी-शर्ट. ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येकाच्या हातात कटर, फ्लेअरिंग टूल आणि पाइप जोडायचा गॅस-टॉर्च येतात की नाही.

कारण चांगला परीक्षक तेच बघतो, आणि पुढे ग्राहकाकडून तक्रारी येतात त्याही तिथूनच. फ्लेअर घ्या, म्हणजे नटाखाली बसवायला रुंद केलेलं पाइपाचं तोंड. कॉपर करवतीने कापलं की तिथेच परीक्षक मान हलवतो, पाइप कटरनेच कापायचा. कडा रीमरने साफ करताना तोंड खाली धरायचं, म्हणजे चुरा आत न पडता जमिनीवर पडतो. फ्लेअर नट आधी पाइपात सरकवला का? न सरकवता फ्लेअर मारून बसलेले अनुभवी लोकही असतात. आर-32 आणि आर-410ए या हल्लीच्या गॅसांसाठी क्लच टूल असेल तर पाइप साच्याबाहेर 0 ते 0.5 मिलिमीटर ठेवायचा, जुन्या साध्या टूलने 1 ते 1.5. पाव इंची पाइपाचा फ्लेअर तयार झाल्यावर बाहेरचा व्यास 8.7 ते 9.1 मिलिमीटर, तीन-अष्टमांशचा 12.8 ते 13.2. याहून लहान झाला तर नटाखाली पकड नाही, मोठा झाला तर नट त्यावर चढत नाही. आतल्या बाजूला कॉम्प्रेसर ऑइलचा एक थेंब, तीन-चार आटे हाताने, मग दोन पान्यांनी आणि शेवटी टॉर्क: पाव इंचीला 14 ते 17 न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांशला 33 ते 40, अर्ध्या इंचीला 50 ते 60. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांचे पाव इंची फ्लेअर बहुधा जास्त आवळून चिरलेले असतात आणि अर्ध्या इंचीचे ढिले असतात. हाताला उलटंच कळतं.

ब्रेझिंगला, म्हणजे कांडी वितळवून पाइप जोडताना, नायट्रोजन आतून वाहता ठेवायचा, अगदी हलका, 3 पीएसआयच्या आसपास. तो नसला की पाइपाच्या आत काळी खपली धरते आणि महिन्याभराने एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. ग्राहक म्हणतो ‘गॅस कमी झाला’, पोरगा येऊन गॅस भरतो आणि दाब आणखी बिघडतो. कॉपर-कॉपर जोडाला फॉस्फरसवाली कांडी, फ्लक्स नको. कॉपर-पितळ किंवा कॉपर-लोखंडाला चांदीची कांडी आणि फ्लक्स.

लीक टेस्ट नायट्रोजननेच. ऑक्सिजनने कधीही नाही, सिलिंडर हाताशी असला तरी नाही. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. व्हीआरएफच्या (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर) लाइनला दाब टप्प्याने चढवतात: आधी साधारण 70 पीएसआयवर पाच मिनिटं, मग 220वर पाच मिनिटं, मग यंत्राच्या नियमावलीत दिलेल्या चाचणीदाबावर, जो 600च्या घरात असतो, चोवीस तास. इथे नवखे लोक फसतात. संध्याकाळी 30 अंशांत 600 लावून ठेवला, पहाटे 24 अंशांत काटा 588वर. लीक शोधायला साबणाचा फेस घेऊन सगळी लाइन धुतात. त्या दाबाला दर अंशामागे सुमारे 2 पीएसआय नुसत्या तापमानाने जातात, सहा अंशांचे बारा गेले, लाइन ठीक आहे. म्हणून दाबासोबत तापमान लिहायचं, दोन्ही वेळा.

व्हॅक्यूम, म्हणजे गॅसआधी पाइपातली हवा-ओल खेचून काढणं, किती वेळ लावला हे विचारू नका, किती मायक्रॉनपर्यंत गेला हे विचारा. डबल स्टेज पंप, मायक्रॉन गेज, 500च्या खाली, मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काटा 1,500पर्यंत चढून तिथेच स्थिरावला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर लीक. गॅस भरायचा तो वजनकाट्यावर, यंत्राच्या पाटीवरच्या ग्रॅममध्ये. लाइन लांबली तर पाव इंची लिक्विड लाइनसाठी जादा मीटरमागे साधारण 20 ग्रॅम, पण त्या मॉडेलचा आकडा पाटीवर किंवा पुस्तिकेत बघूनच. दाब बघून आर-32 भरणं म्हणजे वास घेऊन मीठ टाकणं.

आता गॅसचा कायदा. एसीत भरायच्या गॅसचे सिलिंडर 2016च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. ते राबवणाऱ्या पेसोचं (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. दुकानात दोन-चार सिलिंडर ठेवणाऱ्याला साठवणुकीचा परवाना घ्यावा लागत नाही, गॅसच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या संख्येपुढे तो लागतो. गोदाम करायचं मनात असेल तेव्हाच त्या दाराशी जा. पण एकदा वापरून टाकायच्या डब्यात पुन्हा गॅस भरणं हे कुठल्याही संख्येला चालत नाही. तो डबा दुसऱ्यांदा दाब घ्यायला बनवलेलाच नसतो.

जुन्या यंत्रांतल्या आर-22 गॅसचा काळ संपत आलाय. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे भारतात 2030मध्ये तो उत्पादनातून जातो, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासा कोटा त्यापुढे राहतो. एएमसीत आर-22चे जुने डक्टेबल घेताना गॅसचा दर पाच वर्षांसाठी बांधून देऊ नका. आर-410ए आणि आर-32 त्याच कराराच्या किगाली दुरुस्तीत येतात: भारताने ती 2021मध्ये मान्य केली, 2028ला वापर गोठणार, 2032पासून कपात. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, आर-290 तर प्रोपेनच, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. आर-290चं यंत्र उघडायला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. टॉर्च पेटवण्याआधी गॅस बाहेर काढून नायट्रोजनने लाइन धुतलेली असायला हवी. पंपडाऊन (गॅस आउटडोअरमध्ये परत गोळा) करताना फ्लेअर सैल असताना किंवा सक्शन उघडी असताना कॉम्प्रेसर चालू ठेवला तर तो हवा आत ओढतो. तेल, हवा, दाब आणि उष्णता एकत्र आल्यावर कॉम्प्रेसरचं डोकं उडालेलं आहे. परवान्याच्या प्रश्नात हे कशाला? कारण पोराच्या हातात सिलिंडर तुमच्या नावावर जातो.

बाकीचे कागद पटापट. शॉप अ‍ॅक्ट, मुंबईकडे ज्याला गुमास्ता म्हणतात: 2017च्या कायद्याने माणसं कमी असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना, फॉर्म एफ, धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत. फलक मराठीत, देवनागरीत, आणि त्यातली अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. चालू खात्याला बँक आस्थापनेचे दोन पुरावे मागते, उद्यम आणि शॉप अ‍ॅक्ट मिळून ते भागतं. व्यवसाय कराचं पीटीईसी, म्हणजे मालकाची स्वतःची नोंदणी, वर्षाला 2,500 रुपये. माणसं पगारावर ठेवली की त्यांच्या पगारातून तो कर कापून भरण्याचं पीटीआरसी वेगळं. ईएसआय दहा माणसांपासून, पीएफ वीसपासून. त्याच्या आत असाल तर कामगार नुकसानभरपाईचा विमा स्वतःहून काढाच, सहाव्या मजल्याच्या छज्जावर आउटडोअर लटकवणारा पोरगा दहाव्या नंबरचा कामगार नसला म्हणून पडायचा थांबत नाही. आता बऱ्याच सोसायट्या आत सोडण्याआधी ती पॉलिसी आणि फुल बॉडी हार्नेस बघतात. चांगलं करतात.

उद्यम करताना एका ठिकाणी लक्ष द्या: व्यवसायाचा कोड. एसी विकणारा म्हणून ‘व्यापार’ निवडू नका. 4322 या गटात, म्हणजे प्लंबिंग आणि उष्णता-वातानुकूलन बसवणीच्या कामात नोंद करा. उशिरा पैसे देणाऱ्यांवर 45 दिवसांच्या नियमाने व्याज मागण्याचं संरक्षण व्यापाऱ्यांना मिळत नाही, सेवा देणाऱ्यांना मिळतं. एका शब्दाने पुढच्या दहा वर्षांची वसुली बदलते.

जीएसटी: सेवा देत असाल तर वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची. 40 लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांची. यंत्र आणि बसवणी दोन्ही करणाऱ्याने 20चीच धरायची. यंत्राची किंमतही उलाढालीत येते, म्हणून पन्नासेक स्प्लिट विकले की बहुतेकांची सीमा ओलांडली जाते आणि ते मार्चमध्ये लक्षात येतं. पूर्वी एसीवर 28 आणि बसवणीवर 18 असा फरक होता, त्यामुळे बिल कसं फोडायचं याची भांडणं होती. 22 सप्टेंबर 2025पासून एसीही 18वर आला, तो गुंता बराच सुटला. टीडीएसने घाबरू नका: एकट्या मालकाच्या बिलातून 1 टक्का, भागीदारी किंवा कंपनीच्या बिलातून 2 टक्के, एक बिल 30 हजारांवर किंवा वर्षाची बेरीज लाखावर गेली की. पॅन दिला नाही तर 20 टक्के कापतात आणि मग वर्षभर रडत बसावं लागतं.

सरकारी काम हवं असेल तर खरी चाळण इथे लागते. महाटेंडर आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलांवर नोंदणी, तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेची कामं असतील तर तिथे विद्युत ठेकेदाराचा परवाना थेट मागतात. एसीच्या निविदेत वायर असतेच. उद्यमवाल्यांना अनामत रकमेची सूट असते, पण ती माल आणि सेवांच्या खरेदीत. बांधकामासारख्या ‘वर्क्स’ निविदांत ती गृहीत धरून अनामत न भरणाऱ्यांची पाकिटं तांत्रिक फेरीतच बाजूला पडतात. अनुभवाची अट बऱ्याचदा अशी: अंदाजी रकमेच्या 40 टक्क्यांची तीन सारखी कामं किंवा 80 टक्क्यांचं एक. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक ग्राहकाकडून काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्या आणि त्यावर टनेज, रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख लिहून घ्या. ‘काम समाधानकारक’ एवढ्याच ओळीचा दाखला कोणी मोजत नाही. खासगी कामाचा दाखला बहुतेक ठिकाणी टीडीएसच्या पुराव्यासोबतच मान्य होतो. तो कापलेला एक टक्का इथे कामाला येतो.

दोन कामांपासून सध्या लांब राहा. सांगली-तासगावकडच्या बेदाण्याच्या शीतगृहांत अमोनिया असतो. तो विषारी आहे, त्याची टाकी-पाइप, दाबपात्रं आणि कारखान्याचे नियम यांची दुनिया वेगळी आहे, स्प्लिटच्या अनुभवावर तिथे पाना लावायचा नाही. दुसरं, उंच इमारतीतलं डक्टिंग: फायर डँपर (आगीत डक्ट बंद करणारी झडप) आणि आगीच्या इशाऱ्याबरोबर एएचयू (डक्टमध्ये हवा ढकलणारं यंत्र) बंद होण्याची जोडणी ही अग्निशमन आराखड्याचा भाग असते. राज्याच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली त्या यंत्रणेची देखभाल परवानाधारक एजन्सीने करायची आणि दर सहा महिन्यांनी तिचा दाखला द्यायचा. तुमचं डक्ट, तिचा दाखला, अशी वाटणी करारातच लिहा.

‘हीटिंग’ही विचारलंत. आपल्याकडे ते बहुधा हॉटेलच्या हीट पंपापुरतं येतं, आणि हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला एसीच, त्यामुळे वरचंच सगळं लागू. वाफेचा बॉयलर आला की तो बॉयलर कायद्याच्या तावडीत जातो, तिथे हात घालू नका.

नात्यातल्या कोणी कॅलिफोर्नियात एसी ठेकेदाराचं ‘सी-20’ लायसन्स काढलंय म्हणून इथेही तसंच असेल असा समज होतो. तिथे खरोखर एक परवाना आहे: चार वर्षांचा कारागीर-दर्जाचा अनुभव, कायदा-व्यवसाय आणि विषय अशा दोन परीक्षा, 25,000 डॉलरचा बाँड, शिवाय गॅस हाताळणाऱ्या प्रत्येकाला केंद्राची ‘608’ परीक्षा. आपल्याकडे ते चार दारांत वाटलेलं आहे. दारंही राज्याराज्यांत बदलतात. महाराष्ट्राचा विद्युत ठेकेदार परवाना घेऊन पणजीत वायर ओढता येत नाही, गोव्याचं काम घ्यायचं तर तिथला परवानाधारक जोडीला घ्यावा लागतो.

क्रम विचाराल तर या आठवड्यात उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, चालू खातं आणि विमा. पुढच्या आठवड्यात विद्युत ठेकेदाराबरोबर दोन पानी करार. पंधरा हजार हातात आहेतच, तर त्यातून मायक्रॉन गेज, वजनकाटा आणि टॉर्क पाना घ्या, आणि बिल आस्थापनेच्या नावावर करून घ्या.